काच तपासण्यासाठी द्रव कसा निवडावा: अपवर्तनांक जुळवण्याची व्यवहारी रीत

दुर्बिणीच्या भिंगासाठी किंवा लोलकासाठी आणलेली काचेची तबकडी बहुधा दोन्ही अंगांनी खरबरीत आणि दुधी असते, त्यामुळे तिच्या पोटात काय आहे हे वरून कळत नाही. आत शिरा (काचेतल्या वेगळ्या अपवर्तनांकाच्या धाग्यासारख्या रेघा) असतील किंवा काच घाईने थंड केल्यामुळे ताण राहिला असेल, तर पुढचे कित्येक दिवसांचे घासकाम आणि पॉलिश वाया जाते. केवळ आत डोकावण्यासाठी दोन्ही बाजू पॉलिश करणे हा एक मार्ग झाला. परंतु तीच तबकडी योग्य द्रवात बुडवली, तर दुधीपणा क्षणात मावळतो आणि काच आरपार पाहता येते. हा योग्य द्रव कसा ठरवावा, कसा तयार करावा आणि त्यातून पाहताना कुठे फसगत होते, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

यामागचे तत्त्व शाळेतलेच आहे. माध्यमात शिरताना प्रकाश किती वळतो हे सांगणारा आकडा म्हणजे अपवर्तनांक. दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांत जितका फरक, तितका प्रकाश त्यांच्या सीमेवर वळतो आणि परावर्तित होतो. हवा आणि साधी काच यांच्या सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. त्याच काचेला ग्लिसरीन लागले की हे प्रमाण ०.०३ टक्क्यांच्याही खाली जाते. अपवर्तनांक तंतोतंत जुळले, तर प्रकाशाच्या दृष्टीने ती सीमा उरतच नाही.

नवशिक्या माणूस येथूनच चुकीच्या वाटेला लागतो. काचेचा अपवर्तनांक १.५१६८ असेल, तर तो कोष्टकात १.५१६८ असाच आकडा असलेला द्रव शोधू लागतो. तसा द्रव सहसा मिळत नाही, आणि मिळाला तरी खोलीचे तापमान दोन अंशांनी बदलताच तो आकडा खरा राहत नाही. म्हणून पहिला प्रश्न कोणता द्रव घ्यावा हा नसून, आपल्या तपासणीत किती फरक चालेल, हा आहे.

पहिली पायरी: किती फरक चालेल ते ठरवा

खरबरीत पृष्ठभागावरचे खड्डे २० मायक्रोमीटर खोल आहेत असे धरू. हवेत काच आणि हवा यांच्या अपवर्तनांकांतला फरक सुमारे ०.५२ असतो, त्यामुळे खड्ड्यातून आणि उंचवट्यावरून जाणाऱ्या किरणांच्या प्रकाशीय मार्गांत २० गुणिले ०.५२, म्हणजे सुमारे १०.४ मायक्रोमीटरचा फरक पडतो. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५८९ मायक्रोमीटर आहे, म्हणजे हा फरक जवळजवळ १८ तरंगांचा झाला आणि काच दुधी दिसणारच. द्रवाने हा फरक ०.०१ वर आणला, तर ०.२ मायक्रोमीटर, म्हणजे एक तृतीयांश तरंग उरतो, ०.००१ वर आणला, तर तरंगाचा तिसावा भाग उरतो.

या हिशेबावरून कामांची वाटणी करता येते. बुडबुडे, खडे आणि मोठे ताण पाहायचे असतील, तर ०.०१ ते ०.०२ इतका फरक सहज चालतो आणि घरगुती द्रवांवर भागते. बारीक शिरा पाहायच्या असतील किंवा काच कोणत्या प्रकारची आहे हे ओळखायचे असेल, तर ०.००२ च्या आत यावे लागते. व्यतिकरणमापकावर, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींवर पाडून अतिसूक्ष्म फरक मोजणाऱ्या इंटरफेरोमीटरवर, काचेचा एकजिनसीपणा मोजायचा असेल, तर ०.००१ किंवा त्याहून बारीक जुळणी हवी. माझा अनुभव असा आहे की दहांपैकी आठ वेळा माणसाला पहिल्याच प्रकारचे काम असते आणि तो विनाकारण तिसऱ्या प्रकारच्या जुळणीसाठी महागडे द्रव विकत घेतो.

दुसरी पायरी: काच कोणती, याचा अंदाज घ्या

काच नामांकित प्रकारची असेल, तर उत्पादकाच्या सूचीत तिचा अपवर्तनांक मिळतो. बीके७ ही सर्वांत प्रचलित क्राउन काच १.५१६८, एफ२ ही फ्लिंट काच १.६२०, वितळवलेली शुद्ध सिलिका १.४५८, प्रयोगशाळेतील चंचुपात्रांची बोरोसिलिकेट काच १.४७३ च्या आसपास आणि खिडकीची काच साधारण १.५२, हे आकडे तोंडपाठ असावेत.

काच अनोळखी असेल, तर आधी तिची घनता काढावी. ती हवेत तोलावी, मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून तोलावी, आणि हवेतल्या वजनाला दोन वजनांतील फरकाने भागावे. उत्तर २.२ च्या आसपास आले तर सिलिका किंवा बोरोसिलिकेट, २.५ आले तर खिडकीची काच किंवा क्राउन, आणि ३ च्या वर गेले तर शिशाची फ्लिंट काच असण्याचा संभव मोठा. खिडकीची काच आणि बीके७ यांत घनतेने फारसा निवाडा होत नाही. तेथे कडेने पाहावे. खिडकीची काच लोहामुळे कडेला हिरवट दिसते, तर चांगली प्रकाशीय काच कडेनेही जवळजवळ रंगहीन असते.

तिसरी पायरी: द्रवांची निवड

सर्वांत आधी ग्लिसरीन. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या शुद्ध ग्लिसरीनचा अपवर्तनांक १.४७३ च्या आसपास असतो, म्हणजे बोरोसिलिकेट काचेला ते जसेच्या तसे चालते. त्यात बुडवलेली बोरोसिलिकेटची काचकांडी दिसेनाशी होते, हा प्रयोग अनेकांनी पाहिला असेल. त्यात पाणी मिसळले की आकडा उतरतो. वजनाने ९० टक्के ग्लिसरीन आणि १० टक्के पाणी असलेल्या द्रावणाचा अपवर्तनांक २० अंश सेल्सिअसला १.४५८४ असतो, आणि सिलिकाचाही नेमका तेवढाच. हा योगायोग सिलिकावर काम करणाऱ्याला मोठा सोयीचा आहे. ग्लिसरीनचा दोष असा की ते हवेतले पाणी ओढून घेते. कोकणात पावसाळ्यात उघड्या भांड्यात रात्रभर ठेवलेले ग्लिसरीन सकाळी तेच राहिलेले नसते, म्हणून भांड्यावर काचेचे झाकण हवेच.

तेलांमध्ये लिक्विड पॅरॅफिन साधारण १.४७ ते १.४८, एरंडेल १.४७८, लवंगेचे तेल १.५३ आणि विंटरग्रीनचे तेल, म्हणजे वेदनाशामक मलमांना वास देणारे मेथिल सॅलिसिलेट, १.५३६ अशी चढण आहे. बाजारातल्या लवंगेच्या तेलात भेसळ बरीच असते, त्यामुळे बाटलीवरच्या नावावरून आकडा धरू नये. मेथिल सॅलिसिलेट पोटात गेले तर घातक आहे. घरात लहान मुले असतील तर ते कुलपात ठेवावे.

त्यापुढे बेन्झिल बेन्झोएट, १.५६८. हे रंगहीन आहे, त्याला वास फारसा नाही आणि ते सहसा उडून जात नाही, म्हणून ते माझ्या विशेष आवडीचे आहे. मात्र खरजेसाठी औषधाच्या दुकानात मिळणारे पांढरे लोशन घेऊ नये. ते पाण्यातले पायस (इमल्शन) असते आणि या कामाला निरुपयोगी ठरते. रसायनांच्या विक्रेत्याकडून शुद्ध द्रव मागावा. ते २० अंशांच्या आसपास गोठू शकते, त्यामुळे पुण्यातल्या जानेवारीच्या सकाळी बाटली घट्ट झालेली दिसली तर घाबरू नये. कोमट पाण्यात ठेवली की ते पूर्ववत होते.

फ्लिंट काचेसाठी अल्फा-ब्रोमोनॅफ्थॅलीन, १.६५८, लागते. ॲबे रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे अपवर्तनांक मोजण्याच्या उपकरणावर, काचेचा नमुना प्रिझमला चिकटवण्यासाठी हाच द्रव वापरतात. तो हातमोजे घालून आणि खिडकी उघडी ठेवून वापरावा. त्याच्याही वर डायआयोडोमिथेन, १.७४, आहे, ते महाग, अतिशय जड आणि उजेडात तपकिरी होणारे असते, म्हणून गडद बाटलीत तांब्याच्या तारेचा तुकडा टाकून ठेवतात. जुन्या पुस्तकांत बेन्झीन आणि कार्बन डायसल्फाइड यांची शिफारस आढळते. बेन्झीन कर्करोगकारक आहे आणि कार्बन डायसल्फाइडची वाफ तापलेल्या पृष्ठभागाच्या नुसत्या स्पर्शानेही पेटू शकते. ही दोन्ही घरगुती किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत आणूच नयेत. १.७५ च्या वरच्या काचांसाठी सुचवलेले आर्सेनिक आणि फॉस्फरसयुक्त द्रवही त्याच रांगेतले.

बीके७ साठी मात्र पुष्कळदा मिश्रण करण्याची गरजच नसते. रक्ताच्या काचपट्ट्या तपासण्यासाठी पॅथॉलॉजी प्रयोगशाळांत जे इमर्शन ऑइल वापरतात, त्याचा अपवर्तनांक सुमारे १.५१५ असतो, बीके७ शी फरक जेमतेम ०.००२. सूक्ष्मदर्शकाचे वस्तुभिंग, तेल आणि काचपट्टी या तिन्हींचा अपवर्तनांक एक ठेवण्याची ही पद्धत जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट ॲबे यांनी १८७८ मध्ये रूढ केली, तेव्हा त्यांनी सीडार लाकडाचे तेल वापरले होते. ते तेल कालांतराने घट्ट होऊन चिकटून बसते, म्हणून कृत्रिम इमर्शन ऑइल घ्यावे. एका तबकडीच्या तपासणीला दोन-तीन मिलिलिटर पुरतात.

चौथी पायरी: मिश्रण

मिश्रणासाठी असे दोन द्रव निवडावे की एकाचा आकडा हव्या त्या आकड्याच्या खाली, दुसऱ्याचा वर असेल, ते एकमेकांत पूर्ण मिसळत असतील आणि उडून जाण्याचा वेग दोघांचा कमी असेल. एक द्रव चटकन उडणारा असेल, तर मिश्रणाचा आकडा तासाभरात सरकतो. मिश्रणाचा अपवर्तनांक घनफळाच्या प्रमाणात सरळ बदलतो असे धरून केलेला हिशेब कामापुरता पुरेसा असतो: हव्या असलेल्या आकड्यातून खालच्या द्रवाचा आकडा वजा करावा आणि त्याला दोन द्रवांच्या आकड्यांतील फरकाने भागावे, येईल तो वरच्या द्रवाचा भाग.

उदाहरणार्थ, बीके७ साठी एरंडेल आणि बेन्झिल बेन्झोएट घेऊ. १.५१७ मधून १.४७८ गेले, उरले ०.०३९, दोन द्रवांतला फरक ०.०९०, भागाकार ०.४३. म्हणजे १०० मिलिलिटर मिश्रणात ४३ मिलिलिटर बेन्झिल बेन्झोएट आणि ५७ मिलिलिटर एरंडेल. एफ२ साठी बेन्झिल बेन्झोएट आणि अल्फा-ब्रोमोनॅफ्थॅलीन घेतले, तर दुसऱ्याचे प्रमाण ५८ टक्के येते.

पण हे आकडे २० अंश सेल्सिअसचे आहेत आणि आपल्याकडे वर्षातले बरेच महिने खोली ३० अंशांवर असते. अशा सेंद्रिय द्रवांचा अपवर्तनांक दर अंशाला सुमारे ०.०००४ ने उतरतो, तर काचेचा जवळजवळ हलत नाही. दहा अंशांत ०.००४ चा तोटा होतो. म्हणून ३० अंशांवर १.५१७ हवे असेल, तर २० अंशांना १.५२१ येईल असे मिश्रण करावे, म्हणजे वरच्या उदाहरणात ४३ ऐवजी ४८ मिलिलिटर. ग्लिसरीन या बाबतीत सोशिक आहे. त्याची उतरण साधारण निम्मी असते.

याच गुणाचा उपयोगही करून घेता येतो. मिश्रण मुद्दाम किंचित वरच्या आकड्याचे ठेवावे आणि भांडे कोमट पाण्याच्या परातीत ठेवून हळूहळू तापवावे. ज्या तापमानाला काचेची कड नाहीशी होते, ते नोंदवावे. शेवटचे दोन-तीन हजारांश थेंबाथेंबाने जुळवण्यापेक्षा तापमानाने जुळवणे कितीतरी सोपे जाते. न्यायवैद्यक प्रयोगशाळांत काचेच्या कणांचा अपवर्तनांक याच पद्धतीने, सिलिकॉन तेलात कण ठेवून आणि ते तापवून मोजतात.

मिश्रणाचा खरा आकडा ॲबे रिफ्रॅक्टोमीटरवर पाहावा. महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र विभागात तो बहुधा असतो. तो नसेल, तर मधासाठी मिळणारा हातातला, साखरेची टक्केवारी (ब्रिक्स) दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर ग्लिसरीनच्या पट्ट्यात कामाला येतो. त्यावर ७० ब्रिक्स म्हणजे सुमारे १.४६५. तेही नसेल, तर ओळखीच्या काचेची फोड मिश्रणात टाकून पाहणे हा शेवटचा आणि फारसा वाईट नसलेला उपाय.

मिश्रण ढवळल्यावर लगेच वापरू नये. एकदा मी सकाळी मिश्रण केले, दुपारी त्यात तबकडी बुडवली, आत वाहत्या पाकासारख्या धारा दिसल्या, आणि त्या तबकडीवर पेन्सिलीने ‘शिरा आहेत’ असे लिहून ती बाजूला टाकली. आठवड्याने दुसऱ्या कामासाठी तेच मिश्रण काढले आणि सहज तीच तबकडी बुडवली, तर ती स्वच्छ निघाली. धारा काचेत नव्हत्या, नीट न मुरलेल्या द्रवात होत्या. तेव्हापासून मिश्रण सावकाश, बुडबुडे न उठवता ढवळून, झाकून रात्रभर ठेवण्याचा नियम मी मोडलेला नाही.

पाचवी पायरी: हौद की दोन पाट्या

वेडेवाकडे तुकडे, भिंगे किंवा लोलक तपासायचे असतील, तर सपाट भिंतींचा काचेचा छोटा हौद लागतो. ॲक्रिलिकचा हौद टाळावा. वर सांगितलेल्या द्रवांपैकी काही त्याला तडे पाडतात. हौदाच्या काचेतही ताण असू शकतो, म्हणून तो रिकामा असतानाच पोलरॉइडच्या (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या) दोन पट्ट्यांमध्ये ठेवून पाहावा आणि जिथे उजेड दिसेल तो भाग सोडून द्यावा.

समांतर बाजूंच्या तबकडीसाठी मात्र हौद नकोच. दोन चांगल्या पॉलिश केलेल्या पाट्यांमध्ये ती ठेवावी आणि दोन्ही बाजूंना द्रवाचा पातळ थर द्यावा. याचे कारण हिशेबात आहे. हौदात प्रकाशाला ५० मिलिमीटर द्रवातून जावे लागत असेल आणि त्या द्रवात जागोजागी नुसता ०.१ अंशाचा फरक असेल, तरी प्रकाशीय मार्गात २ मायक्रोमीटरचा, म्हणजे तीनहून अधिक तरंगांचा गोंधळ होतो. थर ५० मायक्रोमीटरचा असेल, तर तीच चूक २ नॅनोमीटर इतकीच राहते. इंटरफेरोमीटरवरचे काम पाट्यांशिवाय करू नये, हा माझा ठाम सल्ला आहे. थर देताना द्रवाचा थेंब मध्यभागी टाकून वरची पाटी एका कडेने टेकवत खाली आणावी, म्हणजे हवा अडकत नाही.

सहावी पायरी: पाहणी

ताण पाहण्यासाठी काचेच्या मागे आणि पुढे पोलरॉइडच्या पट्ट्या आडव्या-उभ्या लावाव्यात, म्हणजे रिकामी जागा काळी दिसते. चांगली थंड केलेली काच या काळोखात जवळजवळ दिसत नाही; ताण असलेली काच राखाडी-पांढऱ्या पट्ट्यांनी उजळते आणि ताण फारच असेल तर रंग दिसतात. येथे एक सापळा आहे. स्वस्त म्हणून साखरेचा पाक वापरण्याचा मोह होतो, आणि त्याचा अपवर्तनांकही सोयीचा असतो, परंतु साखर प्रकाशाच्या ध्रुवणाची, म्हणजे कंपनाची, दिशाच फिरवते आणि सगळे दृश्य उजळून टाकते. टर्पेंटाइनचे तेच, आणि थोड्या प्रमाणात एरंडेलाचेही. दहा सेंटीमीटर खोल हौदात एरंडेलाचे मिश्रण असेल, तर पुढची पट्टी दोन-तीन अंश फिरवून पुन्हा काळोख आणावा लागतो. ताणाच्या कामाला म्हणूनच लिक्विड पॅरॅफिन किंवा ग्लिसरीन अधिक बरे.

शिरा पाहण्यासाठी खोली अंधारी करावी, चार-पाच मीटरवर एक बारीक, बिंदूसारखा दिवा ठेवावा, आणि काचेतून आलेला प्रकाश मागच्या पांढऱ्या भिंतीवर पडू द्यावा. भिंतीवर रेघा दिसल्या तर काच द्रवातच हळूच फिरवावी. काचेबरोबर फिरतात त्या काचेतल्या शिरा. धुरासारख्या डोलत मागे राहतात त्या द्रवातल्या. ही परीक्षा पन्नास वेळा केली तरी एक्कावन्नाव्या वेळी करावी.

जुळणी कोणत्या बाजूला चुकली आहे, हेही सावलीतून कळते. काचेच्या तुकड्याच्या सावलीला काळी किनार असेल, तर काचेचा आकडा द्रवापेक्षा मोठा. उजळ किनार असेल, तर द्रवाचा मोठा. बारीक फोडींसाठी सूक्ष्मदर्शक घ्यावा: फोडीच्या कडेला दिसणारी उजळ रेघ, नळी वर उचलताना, अधिक अपवर्तनांकाच्या माध्यमाकडे सरकते. तिला बेके रेषा म्हणतात.

पांढऱ्या प्रकाशात अगदी जवळची जुळणी झाली की कड नाहीशी होण्याऐवजी तिच्यावर तांबूस आणि निळसर झाक येते, आणि अनेकांना ही चूक वाटते. द्रवांचे अपस्करण, म्हणजे रंगानुसार अपवर्तनांक बदलण्याचे प्रमाण, काचेपेक्षा बरेच जास्त असते, त्यामुळे दोघांचे आकडे एकाच रंगासाठी जुळतात, बाकीच्यांसाठी नाही. क्रिस्टियान क्रिस्टियानसेन या डॅनिश शास्त्रज्ञाने १८८४ मध्ये काचेची पूड द्रवात घालून याच गुणावर एकच रंग आरपार जाऊ देणारी गाळणी बनवली होती. आपल्याला मात्र रंगीत कड हा जुळणी जवळ आल्याचा शुभसंकेत समजून, पुढची तपासणी सोडियमच्या दिव्यात करायची आहे. पिवळ्या प्रकाशात जुळवलेले मिश्रण हेलियम-निऑन लेसरच्या ६३२.८ नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशात वापरले, तर सुमारे ०.००१ ची तफावत पडू शकते. ताण पाहताना ती नगण्य आहे, इंटरफेरोमीटरवर नाही. तेथे जुळणी तांबड्या प्रकाशातच करावी.

काम झाल्यावर

काच आधी कागदाने टिपून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि शेवटी भांड्याच्या साबणाने धुवावी. ग्लिसरीनला नुसते कोमट पाणी पुरते. ब्रोमोनॅफ्थॅलीन किंवा डायआयोडोमिथेन असलेले मिश्रण मोरीत कधीही ओतू नये. ते बाटलीत साठवून रासायनिक कचरा स्वीकारणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्यावे. चांगले मिश्रण गडद बाटलीत, घट्ट बुचात, वर्षभर टिकते, पण पुन्हा वापरण्यापूर्वी त्याचा आकडा नव्याने तपासावा. बाटलीवर द्रवांची नावे व प्रमाण, मोजलेला अपवर्तनांक, मोजतानाचे तापमान, प्रकाशाचा रंग आणि तारीख लिहावी, आणि ती पेन्सिलीने लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी लावावी, कारण बॉलपेनची शाई यांतल्या बहुतेक द्रवांचा पहिला थेंब लागताच विरघळते.